अर्जाच्या पलीकडे बसलेली समिती

१९८०च्या दशकात डेव्हिड कोलँडर आणि आर्यो क्लामर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सहा नामवंत विद्यापीठांत पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली वाटली. अर्थशास्त्रात पुढे जायचं तर अंगी काय असावं लागतं, असा त्यातला एक प्रश्न होता. कोडी सोडवण्याची हुशारी आणि गणितावरची पकड यांना विद्यार्थ्यांनी भरभरून मतं दिली. देशाच्या अर्थव्यवस्थेची सखोल माहिती मात्र शेकडा तीन-चार जणांनाच अतिशय महत्त्वाची वाटली. ६८ टक्क्यांनी ती महत्त्वाची नाही असं सरळ सांगून टाकलं. १९८७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले तेव्हा बरीच खळबळ झाली. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने पदव्युत्तर शिक्षणाची तपासणी करायला एक आयोगही नेमला. पुढे कोलँडर यांनी तीच पाहणी पुन्हा केली, तेव्हा आकडे थोडे सुधारले होते; चित्र काही उलटलं नव्हतं.

आपल्याकडे पीएचडीचं स्वप्न पाहणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा याच्या बरोबर उलट्या तयारीची असते. तिला अर्थसंकल्पातली वित्तीय तूट तोंडपाठ असते, रेपो दर कधी किती वाढला ते माहीत असतं, नेट आणि एमपीएससीच्या अभ्यासामुळे पंचवार्षिक योजनांचा इतिहास सनावळीसकट सांगता येतो. हे ज्ञान वाया जातं असं नाही. पण परदेशातल्या प्रवेश समितीसमोर ते ठेवायला अर्जात जागाच नसते. तिथे काय दिसतं? गुणपत्रिका, शिफारसपत्रं, दोन पानांचं निवेदन, एखाद्या परीक्षेचे गुण आणि काही ठिकाणी लेखनाचा एक नमुना. एवढ्या कागदांवरून त्या समितीला एक अंदाज बांधायचा असतो: हा माणूस पहिल्या वर्षी गळून पडेल की पाच-सहा वर्षांनी काही नवं शोधून बाहेर पडेल?

गंमत अशी, की या अडचणीवरचा सिद्धान्त अर्थशास्त्रज्ञांनीच मांडला आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७०च्या निबंधात जुन्या गाड्यांचा बाजार घेतला. गाडी खटारा आहे की चांगली, ते विकणाऱ्याला ठाऊक असतं आणि घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा सगळ्यांनाच खटाऱ्याचा भाव देऊ लागतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. (हा निबंध छापून येण्याआधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. अर्ज फेटाळला गेलेल्यांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट.) तीन वर्षांनी मायकेल स्पेन्स यांनी यातून सुटकेची वाट दाखवली. ज्याच्याजवळ खरोखर गुण आहे त्याने अशी खूण द्यावी, जी गुण नसलेल्याला फार महाग पडेल. नोकरीच्या बाजारात पदवी ही अशी खूण असू शकते, मग त्या पदवीने कामातलं कौशल्य वाढो वा न वाढो. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ मध्ये नोबेल मिळालं.

प्रवेश समितीत बसलेली मंडळी हा सिद्धान्त दरवर्षी वर्गात शिकवतात आणि हिवाळ्यात अर्ज वाचताना वापरतात. म्हणून अर्जातल्या प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारावा: ही खूण दुसऱ्या कुणालाही इतक्याच सहज देता आली असती का? आली असती, तर तिला किंमत नाही. ‘मला लहानपणापासून गरिबीच्या प्रश्नाची तळमळ आहे’ हे वाक्य कुणीही लिहू शकतं. रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये वर्गात पहिला नंबर मात्र ज्याला-त्याला आणता येत नाही.

रिअल अ‍ॅनालिसिस हा गणिताचा विषय अर्थशास्त्राच्या अर्जाच्या संदर्भात इतका का गाजतो, ते यावरून कळेल. सीमा, सातत्य, अभिसरण या कल्पना काटेकोर सिद्धतांनी मांडणारा हा विषय. बहुतांश अर्थशास्त्रज्ञ आपल्या प्रबंधात त्यातली एकही सिद्धता वापरत नाहीत. पण पहिल्या वर्षाचा सूक्ष्मअर्थशास्त्राचा अभ्यासक्रम त्याच भाषेत चालतो. मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचं १९९५ सालचं जाडजूड पाठ्यपुस्तक उघडून पाहा: आकृत्या थोड्या, प्रमेयं फार. त्या वर्षाअखेरीची परीक्षा दोनदा नापास झालं, की बऱ्याच ठिकाणी एमएची पदवी हातात देऊन निरोप दिला जातो. समितीला धास्ती असते ती या निरोपाची.

महाराष्ट्रातल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याची खरी कोंडी इथे होते. दहावीनंतर गणित सोडलं, बीएला अर्थशास्त्र घेतलं, मागणीचा वक्र उजवीकडे खाली उतरतो हे सहा सत्रांत सहा वेळा लिहिलं, चांगले गुणही मिळाले. त्या गुणपत्रिकेत कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, संभाव्यता यांपैकी एकाही विषयाचं नाव नसतं. ही विद्यार्थ्याच्या कुवतीची नव्हे, आपल्या अभ्यासक्रमाची उणीव आहे. समितीला मात्र दोन्हींतला फरक कळायला मार्ग नसतो. शेजारच्या टेबलावर अभियांत्रिकी किंवा सांख्यिकी शिकून आलेल्याचा अर्ज असतो आणि पारडं तिकडे झुकतं. मुंबईत जन्मलेले अविनाश दीक्षित सेंट झेवियर्समध्ये गणित-भौतिकशास्त्र शिकले, केंब्रिजला पुन्हा गणितच शिकले आणि १९६८ मध्ये एमआयटीतून अर्थशास्त्राची पीएचडी घेऊन बाहेर पडले. रघुराम राजन विद्युत अभियंते होते. अर्थशास्त्राच्या दारातून अर्थशास्त्रात शिरण्यापेक्षा गणिताच्या दारातून शिरणं सोपं, अशी ही विचित्र वास्तू आहे.

बीए झालेल्यासाठी दुरुस्तीची जागा म्हणजे एमए. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, भारतीय सांख्यिकी संस्था, रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये गोरेगावला स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्याची १९३० पासूनची गोखले संस्था या ठिकाणी हरवलेलं गणित काही प्रमाणात भरून काढता येतं. सांख्यिकी संस्थेच्या प्रवेश परीक्षेचा तर एक पूर्ण पेपर गणिताचाच असतो. या संस्थांचा आणखी एक उपयोग आहे, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. इथून गेलेले विद्यार्थी परदेशी विभागांनी आधी पाहिलेले असतात. दिल्ली स्कूलमधले ६५ टक्के म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या चांगल्या महाविद्यालयातले ८२ टक्के म्हणजे काय, हे मात्र त्यांना कळत नाही. हा अन्याय आहेच. पण तो कुणी आकसाने करत नाही, माहितीच्या अभावातून तो होतो. आणि माहितीचा अभाव भरून काढता येतो. ‘पन्नास जणांच्या वर्गात पहिली’ एवढी ओळ कुणी विश्वासाने लिहिली, तरी त्या ८२ टक्क्यांना अर्थ येतो.

ती ओळ लिहायची कुणी? इथे आपण शिफारसपत्रांपाशी येतो. माझ्या मते सगळ्या अर्जात सर्वांत जड कागद हाच असतो आणि आपल्याकडे सर्वांत हलक्या हाताने लिहिला जातो तोही हाच. ‘सदर विद्यार्थी मेहनती, नम्र व प्रामाणिक असून त्यास उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा’ या छापाचं पत्र कुठल्याही विद्यार्थ्याला लागू पडतं, म्हणून ते कुणाच्याच कामाचं नसतं. अनेकदा सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ विद्यार्थी बिचारा स्वतःची स्तुती करताना लाजतो किंवा अतिशयोक्ती करतो, आणि तीन सरांची तीन पत्रं एकाच हाताने लिहिलेली दिसतात. समितीतल्या माणसाला ते ओळखायला दोन मिनिटं पुरतात.

चांगलं पत्र कसं असतं, याचं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याच्या चरित्रात सापडतं. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे जाणकार एडविन सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक होते. आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे निघाले, तेव्हा सेलिग्मन यांनी तिथल्या प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या विद्यार्थ्याची ओळख करून दिली. लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ, वाचणारा अर्थशास्त्रज्ञ, दोघे एकमेकांचं काम जाणणारे. आणि ज्याच्याविषयी लिहायचं त्याचं काम लिहिणाऱ्याने वर्षानुवर्षं जवळून पाहिलेलं. शिफारसपत्राची ताकद आजही याच तीन गोष्टींतून येते.

याहून बोलकी गोष्ट लंडनची आहे. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला, तेव्हा त्याला प्रस्तावना त्यांचे तिथले मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी लिहिली. त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी स्पष्टच म्हटलं आहे, की लेखकाची बरीचशी टीका मला मान्य नाही. पण विचारांतला आणि युक्तिवादातला ताजेपणा त्यांना भावला होता. आपल्या मार्गदर्शकाने आपल्याशी मतभेद जाहीर करावा, हे आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांना रुचेल? पण वाचणाऱ्याच्या बाजूने पाहा. सरसकट स्तुती करणाऱ्यापेक्षा, ‘याच्याशी माझं पटत नाही, तरी याला घ्या’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास बसतो. स्पेन्स यांच्या भाषेत ही महागडी खूण आहे.

तर मग आजच्या विद्यार्थ्याने सेलिग्मन शोधायचा कुठे? गेल्या दहा-पंधरा वर्षांत याला एक नवं उत्तर तयार झालं आहे: प्रीडॉक, म्हणजे पीएचडीच्या आधी एक-दोन वर्षं एखाद्या संशोधकाच्या हाताखाली पगारी सहायक म्हणून काम करणं. आकडेवारी साफ करायची, स्टाटा किंवा आर किंवा पायथनमध्ये कोड लिहायचा, कधी सर्वेक्षणासाठी गावोगाव फिरायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या जे-पाल या संशोधन केंद्राची दक्षिण आशियाची शाखा भारतात अशी बरीच माणसं नेमते. तिथे दोन वर्षं घालवली, की रोजचं काम पाहिलेल्या माणसाकडून पत्र मिळतं: याने डेटामधली चूक आपणहून शोधली, हिने मला न सुचलेली तपासणी सुचवली. असं एक पत्र नम्र-प्रामाणिक छापाच्या दहा पत्रांना भारी पडतं. या व्यवस्थेवर टीकाही होते आणि ती मला पटते. दोन वर्षं कमी पगारात थांबायची ऐपत ज्याच्या घरची आहे, त्यालाच हा रस्ता मोकळा असतो. घरी कर्जाचे हप्ते चालू असतील, तर ‘आधी प्रीडॉक, मग पीएचडी, मग नोकरी’ हे गणित वडिलांना समजावणं सोपं नाही.

आता निवेदन. परदेशी विद्यापीठं त्याला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात आणि आपली मुलं त्यात आत्मचरित्र लिहितात. जन्मगाव, आजोबांचे संस्कार, दहावीचे टक्के, मग एखादं सुभाषित. यातलं काही नको. समितीला तुमचा प्रश्न काय आहे ते वाचायचं असतं. आपली परंपरा मात्र विषयाची आहे. ‘महाराष्ट्रातील ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास: एका जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’ अशा शीर्षकांनी विद्यापीठांच्या ग्रंथालयांतली कपाटं भरली आहेत. विशेष संदर्भ बदलत जातो, जिल्हा बदलतो, प्रबंध तोच राहतो.

उसाचाच विषय घेऊ, कारण त्यावर एक उत्तम उदाहरण आहे. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९७१ ते १९९३ या काळातल्या जवळजवळ शंभर कारखान्यांची आकडेवारी त्यात आहे. निबंधाचा प्रश्न असा: कारखाना सर्व सभासदांच्या मालकीचा आहे, मग तो स्वतःच्याच सभासदांना उसाला कमी भाव का देईल? त्यांचं उत्तर असं, की कारभार बड्या बागायतदारांच्या हातात असतो आणि लहान शेतकऱ्याकडून थेट पैसे काढून घेता येत नाहीत. तेव्हा भाव पाडायचा, त्यातून कारखान्यात उरलेला पैसा वळवायचा, आणि त्याचा लाभ कारभाऱ्यांनी घ्यायचा. बड्यांच्या उसालाही तोच कमी भाव मिळतो, पण वळवलेल्या पैशातून त्यांची भरपाई होऊन वर उरतं. यातून एक तपासता येण्याजोगा अंदाज निघतो: ज्या भागात जमीनधारणेत तफावत जास्त, तिथे भाव कमी आणि कारखान्याची गाळप क्षमताही कमी. आकडेवारीने तो अंदाज खरा ठरवला.

सांगली-कोल्हापूरच्या कुठल्याही पारावर यातलं निम्मं ऐकायला मिळेल, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पारावरच्या शहाणपणाला अशा प्रश्नाचं रूप देणं, की ज्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं, हेच संशोधन. ऊसपट्ट्यात वाढलेल्या विद्यार्थ्याकडे असं कच्चं सामान इतर कुणाहीपेक्षा जास्त असतं: वार्षिक सभेत काय बोललं जातं, ऊसतोड टोळ्यांची उचल कशी ठरते, वजनकाट्यावर काय होतं. निवेदनात आजोबांच्या संस्काराऐवजी वजनकाटा आला आणि त्यातून एखादा नेमका प्रश्न निघाला, तर वाचणारा खुर्चीत सरसावून बसेल.

मात्र एक फरक ध्यानात घ्यायला हवा. भारतात आधी गाईड मिळवावा लागतो, त्याच्याकडे जागा आहे का ते पाहावं लागतं, मग विषय, मग सिनॉप्सिस, मग रजिस्ट्रेशन. अमेरिकेत अर्ज विभागाकडे जातो. मार्गदर्शक आणि विषय साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ठरतात, आणि निवेदनात लिहिलेल्या प्रश्नावरच प्रबंध लिहावा असं बंधन कुणी घालत नाही. त्यामुळे तिथल्या प्राध्यापकांना ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणून शेकडो ईमेल पाठवण्याने सहसा काहीच साधत नाही. युरोपात बऱ्याच ठिकाणी आधी दोन वर्षांचं मास्टर्स असतं आणि पीएचडी त्याला जोडून येते.

पीएचडी भारतातल्या भारतात करायची, तर वाट वेगळी आहे. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरले जातात. नेटमधून जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. २०२२च्या यूजीसी नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्याला एमए न करता थेट अर्ज करता येतो. नेटची तयारी आणि वर सांगितलेली तयारी यांत सामाईक भाग थोडाच आहे, म्हणून दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याआधी विचार करावा.

पैशाचं सांगायचं तर अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत पीएचडीला शुल्क माफ असतं आणि जगण्यापुरतं विद्यावेतन मिळतं; बदल्यात शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करावी लागते. एमएससाठी कर्ज काढणाऱ्या घरांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. खर्च आहे तो अर्जाचा. एका अर्जाला साधारण ७५ ते १२५ डॉलर, वर जीआरई आणि इंग्रजीची परीक्षा. दहा-बारा अर्ज केले तर रक्कम लाखाच्या घरात जाते. शुल्कमाफी अनेक विद्यापीठं देतात, पण ती मुदतीच्या बरीच आधी मागावी लागते. मुदती बहुतेक डिसेंबरात असतात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात. जीआरईचं म्हणाल, तर गणिताच्या भागात १७० पैकी १६७-१६८ मिळाले तर त्याबद्दल कुणी काही बोलत नाही, १५८ मिळाले तर बोलतात. या परीक्षेचा उपयोग एवढाच.

एवढं करून समितीची निवड अचूक ठरते का? अ‍ॅलन क्रूगर आणि स्टीफन वू यांनी हे तपासलं. एका नामवंत विभागाकडे १९८९ साली आलेल्या ३४४ अर्जांतले उमेदवार पुढे कुठे नोकरीला लागले, याचा त्यांनी माग काढला. जीआरईतलं गणित आणि शिफारसपत्रं यांच्यावरून काही अंदाज बांधता येत होता, पण पुष्कळसं अंदाजाबाहेरच राहत होतं. जॉन कॉन्ले आणि अली सिना ओंडर यांचा २०१४चा निष्कर्ष तर आणखी झोंबणारा आहे. १९८६ ते २००० या काळात उत्तर अमेरिकेत पीएचडी झालेल्यांचं लेखन त्यांनी मोजलं. अव्वल दहा विभागांतल्या मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याच्या नावावर सहा वर्षांनी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’च्या तोडीच्या ०.०३ निबंधाइतकंही काम नव्हतं. गुणानुक्रमे ८५व्या शतमकावर असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली, तर कार्नेगी मेलनचे विद्यार्थी शिकागो, स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या विद्यार्थ्यांना मागे टाकत होते.

हे आकडे अर्ज करताना कुणी वाचत नाही. ते वाचावेत एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. अमेरिकेतल्या बहुसंख्य विद्यापीठांमध्ये असा करार आहे, की विद्यावेतनासह दिलेल्या प्रवेशावर १५ एप्रिलपर्यंत उत्तर मागायचं नाही. हातात प्रवेशाची दोन-तीन पत्रं असतील, तर त्या दिवसांत क्रमवारीच्या याद्या बाजूला ठेवून विभागातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावं. पहिल्या वर्षीच्या परीक्षेत तुमच्या तुकडीतले किती जण उरले? मार्गदर्शक कच्चा मसुदा वाचून किती दिवसांत परत देतात? गेल्या पाच वर्षांतले सगळे विद्यार्थी कुठे नोकरीला लागले, संकेतस्थळावर झळकणारे दोघे-तिघे सोडून? उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत विद्यावेतन चालू असतं का, की घरभाडं खिशातून भरावं लागतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्यावं.